एका 'आहे'ची गोष्ट

मागच्या महिन्यात ऑफिसात एका शब्दावरून सव्वादोन तास मीटिंग चालली. रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये एका वाक्यात 'शॅल' हवं की 'शुड', एवढाच प्रश्न. क्लायंट म्हणे 'शॅल', आमचा मॅनेजर म्हणे 'शुड'. 'शॅल' म्हटलं की ते करणं बंधनकारक, 'शुड' म्हटलं की जमलं तर बघू. शेवटी काही ठरलं नाही, दोघांनी आपापल्या फायलीत आपापला शब्द ठेवला आणि तो मुद्दा 'ओपन' म्हणून पुढच्या मीटिंगवर ढकलला. बाहेर पडताना माझा शेजारी वैतागून म्हणाला, "एका शब्दासाठी माणसं एवढी भांडतात?"

मी म्हटलं, अरे बाबा, एका शब्दासाठी माणसांनी धर्म वेगळे केलेत. त्याला ते पटलं नाही. म्हणून हा शनिवारचा लेख, खास त्याच्यासाठी. आणि अर्थात तुमच्यासाठी.

जर्मनीत ऑनसाइट होतो तेव्हा एका वीकएंडला फ्रँकफुर्टहून ट्रेन पकडून मारबुर्गला गेलो होतो. लान नदीकाठचं टेकडीवरचं गाव, अरुंद गल्ल्या, चढून चढून दम लागेल इतक्या पायऱ्या, आणि सगळ्यात वर राजवाडा. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की इथे मार्टिन ल्यूथर काहीतरी चर्चेसाठी आला होता. फोटो काढले, कॉफी प्यायलो, परत आलो. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या वाड्यात ऑक्टोबर १५२९ मध्ये जे झालं (खरं तर जे झालं नाही!), त्याचे परिणाम पुढे साडेचारशे वर्षं टिकले. आणि भांडण होतं एका शब्दाचं. तो शब्द म्हणजे 'आहे'.

आता थोडी पार्श्वभूमी. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद उडी मारावी.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन केलं. भाकरी मोडून त्यांना दिली आणि हे आपलं शरीर आहे असं सांगितलं, द्राक्षारसाचा पेला देताना आपल्या रक्ताचा उल्लेख केला, आणि आपल्या आठवणीसाठी हे करत जा असंही सांगितलं. ख्रिस्ती उपासनेत हे भोजन आजही होतं. आपल्याकडचे प्रॉटेस्टंट त्याला प्रभुभोजन म्हणतात, कॅथलिकांच्या मिस्सेचा तो गाभा आहे. पण भाकरी 'शरीर आहे' म्हणजे नेमकं काय? मध्ययुगातल्या पंडितांनी याचं उत्तर ॲरिस्टॉटलची परिभाषा वापरून दिलं. प्रत्येक वस्तूत एक मूळ तत्त्व असतं आणि वर रंग, चव, आकार असे दिसणारे गुण असतात. धर्मगुरूने ते शब्द उच्चारले की भाकरीचे गुण तसेच राहतात पण आतलं तत्त्व बदलून ख्रिस्ताचं शरीर होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस तोच, आतली इम्प्लिमेंटेशन पूर्ण वेगळी. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेत या तत्त्वांतराला अधिकृत शब्द मिळाला.

१५१७ मध्ये ल्यूथरने विटेनबर्गमध्ये पापमुक्तीपत्रांविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले हे शाळेच्या पुस्तकात असतं. तीनच वर्षांनी, १५२० मध्ये, त्याने संस्कारांच्या व्यवस्थेवरच हल्ला चढवला. सामान्य लोकांना भाकरी मिळते पण पेला का नाही? मिस्सा हा धर्मगुरूने देवाला अर्पण केलेला यज्ञ कसा, ती तर देवाने माणसाला दिलेली देणगी? आणि हे तत्त्व-गुण प्रकरण बायबलमध्ये कुठे आहे? ॲरिस्टॉटल त्याने फेकून दिला. पण, आणि हा 'पण' फार मोठा आहे, भाकरीत ख्रिस्ताचं शरीर खरोखर असतं हे त्याने सोडलं नाही. कसं असतं ते विचारू नका, त्याने म्हटलंय ना, मग आहे.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये झ्यूरिकला दुसराच एक माणूस स्वतंत्रपणे सुधारणा करत होता. उलरिख झ्विंगली. ल्यूथरपेक्षा जेमतेम सात आठवड्यांनी लहान. ग्रीकचा अभ्यासक, इरॅस्मसच्या मानवतावादी वळणाचा, १५१९ पासून झ्यूरिकच्या मुख्य चर्चमधला उपदेशक. १५२५ मध्ये झ्यूरिकने मिस्सा बंदच करून टाकली. वेदीऐवजी साधं टेबल, सोन्याचांदीऐवजी लाकडी ताटं आणि पेले, भाकरी लोकांच्या जागेवर पोचवायची, आणि वर्षातून चारदा प्रभुभोजन.

झ्विंगलीला एक पत्र वाचायला मिळालं होतं, होएन नावाच्या डच वकिलाचं. त्यात म्हटलं होतं की 'आहे'चा अर्थ इथे 'दर्शवतं' असा घ्यायचा. नवरामुलगा अंगठी देताना स्वतःलाच देतोय असं म्हणतो, पण म्हणून अंगठी म्हणजे नवरा होत नाही. झ्विंगलीला ही किल्ली सापडली आणि त्याने १५२५ मध्ये ते पत्र छापलं. बायबलमध्ये अशी वाक्यं ढिगाने आहेत असं तो म्हणे. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणवतो, म्हणून काय त्याला पानं फुटतात? योसेफ फारोला स्वप्नाचा अर्थ सांगताना सात गाई म्हणजे सात वर्षं म्हणतो. तिथे कोणी तत्त्वांतर काढत नाही.

गंमत बघा. नव्या कराराच्या ग्रीकमध्ये 'आहे' आहे. पण येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे त्या भाषेत अशा वाक्यात क्रियापद लागतच नाही. मराठीतही "हा माझा भाऊ" एवढं म्हटलं की काम होतं. म्हणजे ज्या शब्दावरून युरोपभर पुस्तकांची फैर झडली, तो शब्द मूळ वाक्यात बहुधा उच्चारलाच गेला नव्हता!

प्रामाणिकपणे सांगतो, पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ झ्विंगलीच्या पार्टीत होतो. इंजिनिअर माणूस, प्रतीक म्हणजे प्रतीक, विषय संपला. मग आमच्या घरचा गणपती आठवला. दुकानातून रिक्षात मांडीवर घेऊन येतो तेव्हा ती मातीची मूर्ती असते. प्राणप्रतिष्ठा झाली की तीच मूर्ती जरा सरकवायचीही आजी परवानगी देत नाही. उत्तरपूजेपर्यंत तो 'आहे'. बाबा म्हणतात, हे सगळं प्रतीक गं, भाव महत्त्वाचा. आजी म्हणते, प्रतीकाला कोणी नैवेद्य दाखवतं का? दोन्ही गोष्टी एक नव्हेत हे मला कळतं, तुलना ओढून ताणून करत नाही. पण 'दर्शवतं' आणि 'आहे' यातला फरक आजीला जीवनमरणाचा का वाटतो हे कळलं की ल्यूथर थोडा जवळचा वाटायला लागतो.

कारण ल्यूथरचं दुखणं वेगळं होतं. मठात असताना आपण देवाला पुरेसे पडत नाही या भीतीने तो पार पिचून गेला होता. त्याला उत्तर सापडलं ते असं की माझ्या आत काय चाललंय यावर काही अवलंबून नाही, बाहेरून देवाने दिलेला शब्द पक्का आहे. भाकरी हा त्या शब्दाचा हातात येणारा पुरावा. आता झ्विंगली म्हणतो की इथे काही मिळत नाही, आपण फक्त आठवायचं आणि आपला विश्वास जाहीर करायचा. म्हणजे भार पुन्हा माणसावर! ज्या दिवशी माझी आठवण, माझा विश्वास डळमळला त्या दिवशी काय? आणि एकदा का बायबलमधला साधा सरळ 'आहे' आपल्या सोयीने वळवायला लागलो, तर मग पापक्षमेच्या वचनातला शब्द तरी सुरक्षित कसा?

झ्विंगलीचंही दुखणं खरं होतं. भाकरीच्या तुकड्यापुढे गुडघे टेकणं ही त्याच्या दृष्टीने मूर्तिपूजा. शिवाय येशू खरा माणूस होता, आणि खऱ्या माणसाचं शरीर एका वेळी एकाच जागी असतं. ते स्वर्गात देवाच्या उजवीकडे आहे, मग एकाच रविवारी हजार चर्चमध्ये कसं असेल? ल्यूथरचं उत्तर असं की देवाचा उजवा हात म्हणजे आकाशातली खुर्ची नव्हे, देवाची सत्ता सगळीकडे आहे, म्हणून ख्रिस्तही शरीरासकट सगळीकडे असू शकतो. इथे भांडण भाकरीवरून थेट ख्रिस्ताच्या स्वरूपावर गेलं. ४५१ च्या काल्सेडॉन परिषदेने ठरवलं होतं की ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही स्वभाव एकमेकांत मिसळत नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. ल्यूथरला वाटे झ्विंगली ते वेगळे करतोय, झ्विंगलीला वाटे ल्यूथर त्यांची भेळ करतोय. धर्मसिद्धांत वाढतात ते असेच. बघायला गेलं एक कार्यपद्धती, आणि धागा ओढता ओढता पार पाया हलला.

१५२६ ते १५२८ दोघांनी एकमेकांविरुद्ध पुस्तकांमागून पुस्तकं काढली. भाषा अशी की आजचे ऑनलाइन वाद सभ्य वाटावेत.

आता राजकारण. एप्रिल १५२९ मध्ये श्पायरच्या शाही सभेत कॅथलिक बहुमताने सुधारणांना लगाम घालायचं ठरवलं. त्याविरुद्ध काही संस्थानिकांनी आणि शहरांनी लेखी निषेध, म्हणजे 'प्रोटेस्ट' नोंदवला. प्रॉटेस्टंट हा शब्द इथला. सम्राट पाचवा चार्ल्स चालून येऊ शकतो हे सगळ्यांना दिसत होतं. हेस्सेचा संस्थानिक फिलिप, वय वर्षं फक्त २४, याने हिशोब केला की जर्मन आणि स्विस सुधारक एक झाले तरच टिकाव लागेल. पण सॅक्सनीवाले म्हणत की ज्यांचा विश्वास वेगळा त्यांच्याशी लष्करी करार नाही. मग आधी विश्वास एक करा! म्हणून त्याने सगळ्यांना मारबुर्गच्या वाड्यावर बोलावलं. झ्विंगली झ्यूरिकहून रात्री गुपचूप निघाला. ल्यूथर नाखुशीनेच आला. त्याच दिवसांत तिकडे सुलतान सुलेमानचं सैन्य व्हिएन्नाला वेढा घालून बसलं होतं.

१ ऑक्टोबरला फिलिपने हुशारी केली. दोन तापट माणसांना समोरासमोर बसवलंच नाही. ल्यूथरबरोबर बाझलचा सौम्य इकोलांपाडियस, आणि झ्विंगलीबरोबर मवाळ मेलांख्टन. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला खरी बैठक. अधिकृत मिनिट्स कोणी ठेवले नाहीत, हजर असलेल्यांनी जे लिहून ठेवलं त्यावरून आपल्याला कळतं.

ल्यूथरने बसण्याआधी खडूने टेबलावर लॅटिनमध्ये येशूचं ते चार शब्दांचं वाक्य लिहिलं आणि वर कापड पसरलं. पुढे कोणी पुरावा मागितला तेव्हा कापड बाजूला करून त्याने ते दाखवलं. हा माझा पुरावा, इथून मी हलणार नाही. मुद्दा गणिताचा निघाला, की एक शरीर एका वेळी दोन जागी कसं, तर त्याने सांगून टाकलं की देवाच्या बाबतीत मला गणित सांगू नका. देवाने कडू रानसफरचंदं खायला सांगितली तरी मी खाईन, का म्हणून विचारणार नाही.

झ्विंगलीचं हुकमाचं पान म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय, जिथे देहाचा काही उपयोग नाही, आत्मा जीवन देतो असं येशू सांगतो. हे वचन तुमची मान मोडेल, असं तो बोलून गेला. ल्यूथर भडकला, इथे माना इतक्या सहज मोडत नाहीत, हे हेस्से आहे, स्वित्झर्लंड नव्हे. झ्विंगलीला खुलासा करावा लागला की आमच्याकडे ती नुसती बोलण्याची पद्धत आहे. म्हणजे अलंकारिक भाषा कुठली आणि शब्दशः कुठली या चर्चेतच एक अलंकार शब्दशः घेतला गेला. असा विनोद कोणी मुद्दाम रचला असता तर पटला नसता.

दोन दिवस असे गेले. त्यातच गावात 'घामाची साथ' आली, इंग्लंडहून पसरलेला जीवघेणा ताप, आणि गुंडाळायची घाई झाली. फिलिपने ल्यूथरला म्हटलं, निदान कुठे एकमत आहे ते तरी लिहा. ल्यूथरने १५ कलमं लिहिली. त्रैक्य, ख्रिस्त, मूळ पाप, विश्वासाने तारण, बाप्तिस्मा, सत्ताधीश वगैरे. आणि काय आश्चर्य, १४ कलमांवर पूर्ण एकमत! पंधराव्यातही बरंच जमलं, पेला सगळ्यांना द्यायचा, मिस्सा म्हणजे यज्ञ नव्हे. शेवटी एकच वाक्य उरलं, की ख्रिस्ताचं खरं शरीर आणि रक्त भाकरीत आणि द्राक्षारसात देहरूपाने असतं का. यावर आमचं अजून जमलेलं नाही, तरी ज्याची सदसद्विवेकबुद्धी जितकं करू देईल तितकं दोन्ही बाजूंनी एकमेकांवर प्रेम करावं, असं लिहून दहा जणांनी सह्या केल्या.

शेवटी झ्विंगलीच्या डोळ्यांत पाणी होतं. मतभेद राहू देत, पण आम्हाला भाऊ म्हणा, एवढंच त्याचं मागणं. ल्यूथरने ते नाकारलं. तुमचा आत्मा वेगळा आहे, असं त्याने स्ट्रासबुर्गच्या बुट्सरला सुनावलं.

इथे झ्विंगलीबद्दल फार हळवं व्हायच्या आधी एक सांगतो. पावणेतीन वर्षांपूर्वी, ५ जानेवारी १५२७ ला, याच झ्विंगलीच्या झ्यूरिकने फेलिक्स मान्त्स नावाच्या त्याच्याच जुन्या सोबत्याला लिम्माट नदीत बुडवून मारलं होतं. गुन्हा काय, तर लहान बाळाचा बाप्तिस्मा खरा नाही, मोठेपणी समजून उमजून घेतला पाहिजे असं तो म्हणत होता आणि तसा देत होता. आपल्याला जो उदारपणा हवा असतो तो दुसऱ्याला देताना हात कसा आखडतो बघा.

मारबुर्गनंतर दोन वर्षं आणि एका आठवड्याने, ११ ऑक्टोबर १५३१ ला, काप्पेलच्या लढाईत कॅथलिक प्रांतांनी झ्यूरिकचा पराभव केला. झ्यूरिकची सुमारे पाचशे माणसं पडली, त्यात झ्विंगली. त्याचं प्रेत तोडून जाळलं गेलं. ल्यूथरने त्यात देवाचा न्याय पाहिला. त्याच वर्षी जर्मन प्रॉटेस्टंटांनी श्माल्काल्डेनचा संरक्षण करार केला होता, त्यात झ्यूरिक नव्हतं.

पुढे काल्विनने मधला रस्ता काढला. शरीर स्वर्गातच, पण पवित्र आत्मा विश्वास ठेवणाऱ्याला त्याच्याशी खरोखर जोडतो. १५४९ मध्ये त्याचा आणि झ्विंगलीचा वारस बुलिंगर याचा समझोता झाला, स्विस मंडळी एक झाली. ल्यूथरवाल्यांना तेही चाललं नाही. १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिकांनी तत्त्वांतराचा सिद्धांत ठामपणे पुन्हा मांडला. १५५५ च्या ऑग्सबर्गच्या तहात साम्राज्यात दोनच मतं कायदेशीर ठरली, कॅथलिक आणि ल्यूथरवाले. काल्विनवाल्यांना ती मान्यता मिळायला १६४८ उजाडलं, म्हणजे तीस वर्षांचं युद्ध होऊन गेल्यावर. आणि युरोपातल्या ल्यूथरन आणि रिफॉर्म्ड चर्चेसनी एकमेकांच्या प्रभुभोजनाला पूर्ण मान्यता देणारा लॉयेनबर्गचा करार केला तो १९७३ मध्ये. १५२९ ते १९७३. चारशे चव्वेचाळीस वर्षं 'ओपन' राहिलेला इश्यू!

या सगळ्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. १८१३ पासून मुंबईत आणि नंतर नगर भागात काम करणारं अमेरिकन मराठी मिशन हे काल्विनच्या वळणाचं. तिथल्या मंडळ्यांच्या पुढच्या पिढ्या ज्यात सामील झाल्या ती चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरात स्थापन झाली. सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या. त्यातल्या काही बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या, काही फक्त मोठ्यांना. मार्ग काय काढला? दोन्ही पद्धती मान्य. ज्या प्रश्नावर मान्त्सला बुडवलं, त्या प्रश्नावर नागपूरला एका टेबलावर बसून जेवता आलं. ल्यूथरन मंडळ्या मात्र त्यात नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. सगळं सुटलं असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, तात्पर्य काय? शब्दांवरून भांडू नये? मला तसं नाही वाटत. तो शब्द क्षुल्लक नव्हताच. एका बाजूला पापाच्या भीतीने झोप उडालेल्या माणसाला मिळालेला आधार होता, दुसऱ्या बाजूला देवाला वस्तू करून टाकण्याची भीती होती. दोघंही पोटतिडकीने बोलत होते. पण फिलिपने मागितलेली यादी मला जास्त शिकवून जाते. ती लिहीपर्यंत त्या खोलीतल्या कोणालाच माहीत नव्हतं की आपलं इतकं जुळतं. आणि माहीत झाल्यावरही ल्यूथरने चौदांकडे बघितलं नाही, पंधराव्याकडेच बघितलं. मतभेद असणं वेगळं आणि तेवढ्यासाठी भाऊ म्हणायला नकार देणं वेगळं. पहिलं टाळता येत नाही, दुसरं येतं.

आमच्या घरी आजी आणि बाबांचं प्रतीकावरून अजून एकमत झालेलं नाही. आरतीला मात्र दोघं शेजारीशेजारी उभे असतात, आणि मोदकावर दोघांचाही पूर्ण विश्वास आहे :)

असो. सोमवारी ती 'शॅल-शुड'ची मीटिंग पुन्हा आहे. या वेळी जाताना खडू नेणार नाही. ज्यावर दोन्ही बाजूंचं जुळतंय अशा मुद्द्यांची यादी मात्र नेणार आहे.